दुबईला जाताय? आधी डब्यातले अनारसे बाहेर काढा

दुबईचं तिकीट नोव्हेंबर ते मार्चमधलंच काढा. मे महिन्यात स्वस्त मिळतं खरं, पण पारा चाळिशीपार गेला की दिवस मॉलमध्येच जातो. तेवढ्यासाठी विमानात बसायची गरज नाही.

आता बॅग. तिथल्या भाचीसाठी दिवाळीचा फराळ नेणार असाल तर चकली, शेव, करंज्या खुशाल न्या. फक्त करंजीच्या सारणात काय घातलंय ते आठवा. कारण खसखस. आपल्याला ती साधी वाटते, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती सापडली तर प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. म्हणजे अनारसे बाद, खसखस घातलेले डिंकाचे लाडू बाद, आणि आईने दिलेल्या मसाल्याच्या पुडीचीही चौकशी करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांना तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. बाकीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

फिरायला मेट्रोचं नोल कार्ड घ्या. डब्यात खाणंपिणं नको, च्युइंगगमसुद्धा नाही; दंड होतो.

८२८ मीटरच्या बुर्ज खलिफावर सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग पडतं. मला विचाराल तर त्या वेळी देरा ते बर दुबई अब्रा नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडा. सुटे दिरहम खिशात असू द्या.