टेट्रासायक्लिनचं वर्तुळ लहान का आलं? रायबोसोमवरच्या औषधांचा अभ्यास सुरू करताना

माझं गाव परभणी जिल्ह्यात, घरी कापूस. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, हा शब्द पुस्तकात भेटायच्या कितीतरी आधी त्याच्यावर काम करणारी पुडी आमच्या दिवळीत पडलेली असायची. स्ट्रेप्टोसायक्लिन, सहा ग्रॅमची. पानांवर करपा दिसला की अण्णा कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर ती पंपात टाकायचे. त्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असतं, हे मला एमएस्सीला कळलं. दोन्ही जिवाणूच्या रायबोसोमच्या ३०एस या लहान भागावरच बसतात, पण खोडी वेगळी. टेट्रासायक्लिन अमिनो आम्ल घेऊन आलेल्या टीआरएनए रेणूला रायबोसोमवरच्या त्याच्या ए-जागेवर बसूच देत नाही. स्ट्रेप्टोमायसिन बसू देतं, पण एमआरएनए, म्हणजे जनुकाकडून आलेला निरोप, वाचण्यात घोळ घालतं. चुकीचा टीआरएनएही खपून जातो आणि प्रथिन भलतंच तयार होतं.

ज्युनिअर मुलंमुली विचारतात, सुरुवात कशी करू? बहुतेक जण तक्ता करतात: औषधाचं नाव, ३०एस की ५०एस (म्हणजे मोठा भाग), झालं. नेटच्या परीक्षेला तो पुरतो. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. तक्त्यात आणखी एक रकाना पाडा: काम कुठं अडलं, आणि ते आपल्याला कशावरून कळलं?

माझी फजिती सांगते. उन्हाळा होता, पाण्याची बोंब, त्यात डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "ताई, बोअरचं पाणी बी निर्मळच हाय की." मी त्यातच म्युलर-हिंटन अगार हे जंतू वाढवायचं माध्यम बनवलं. ई. कोलाय या जिवाणूच्या प्रमाणित स्ट्रेनवर टेट्रासायक्लिनच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं १८ ते २५ मिमीचं वर्तुळ यायला हवं. माझं आलं १४. मी खुशीत वहीत लिहिलं, 'प्रतिरोधक'. मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि एवढंच विचारलं, "क्लोरॅम्फेनिकॉलचं किती आलंय?" त्याच प्लेटवरच्या या दुसऱ्या रायबोसोम-औषधाचं वर्तुळ २४ होतं, म्हणजे अगदी ठरलेल्या मर्यादेत. "मग जंतू बदललाय, की तुझं पाणी?"

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, औषध जंतूपर्यंत कमी पोचतं. टेट्रासायक्लिनची गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात, त्याचंही कारण हेच. रायबोसोमचा यात काडीचा संबंध नव्हता. त्यानंतर मामांनी डिस्टिल्डच्या कॅनवर मार्करनं ठळक लिहून टाकलं: 'बोअरचं नाही'.

दुसरी खोट द्रावकाची. क्लोरॅम्फेनिकॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्याचा स्टॉक इथेनॉलमध्ये करतात. मग औषध न घातलेल्या कंट्रोलच्या नळीतही तेवढंच इथेनॉल हवं, नाहीतर जंतूची वाढ औषधानं थांबली की दारूनं, हे कोण सांगणार?

महागडी साधनं नसलेल्या कॉलेजात करण्याजोगा एक प्रयोग मला फार आवडतो. ई. कोलायला आयपीटीजी हे इशारा देणारं रसायन दिलं की तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचं एन्झाइम बनवू लागतो. हे एन्झाइम ज्याला तोडतं ते ओएनपीजी टाकलं की नळी पिवळी होते. साधा कलरीमीटर पुरतो. आयपीटीजीच्या आधीच क्लोरॅम्फेनिकॉल टाकलेली नळी पांढरीच राहते, कारण ५०एसमध्ये अमिनो आम्लं जोडायचं कामच बंद पडतं. आता तिसऱ्या नळीत रिफॅम्पिसिन टाकून बघा. तीही पांढरीच! रिफॅम्पिसिन तर रायबोसोमला शिवतसुद्धा नाही, ते एमआरएनएच बनू देत नाही. म्हणजे रंग आला नाही एवढ्यावरून 'रायबोसोम अडला' असं लिहिता येत नाही. ते म्हणायचं तर पेशीबाहेरची प्रणाली घ्यावी लागते, जिथं एमआरएनए आपणच तयार करून देतो. माझ्या मते पहिल्या सहामाहीत हे एवढं नीट कळलं तरी खूप.

रायबोसोमल प्रथिनांचा घोळ मी एका मुलाखतीत घातला. स्ट्रेप्टोमायसिन कशाला चिकटतं? मी ठोकून दिलं, ३०एसमधल्या एस१२ प्रथिनाला. कारण टीबीच्या जंतूत एस१२ मधल्या ४३ व्या लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन आलं की औषध चालत नाही, हे पाठ होतं. पण २००० साली वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटानं ३०एसची रचना दाखवली, त्यात हे औषध मुख्यतः १६एस आरआरएनएला, म्हणजे रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएला, धरून बसलेलं दिसतं. एस१२ ला ते टेकतं, पण मुख्य पकड आरआरएनएवर. एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या औषधाचंही तसंच. ते बसतं २३एस आरआरएनएवर, नवं प्रथिन ज्या बोगद्यातून बाहेर पडतं त्याच्या तोंडाशी; प्रतिरोध मात्र एल४ किंवा एल२२ प्रथिनं बदलूनही येतो. ई. कोलायच्या एल४ बदललेल्या स्ट्रेनमध्ये औषध नीट चिकटत नाही. एल२२ बदललेल्यात चिकटतं, तरी जंतू वाढतो, कारण बोगदाच रुंद झालेला असतो. जनुकात बदल सापडला म्हणजे औषधाची जागा सापडली, असं धरून चालू नका.

सायक्लोहेक्झिमाइड आणि प्युरोमायसिन ही रायबोसोम अडवणारी औषधं आपल्याही रायबोसोमला लागतात, तेव्हा ग्लोव्हज घाला. आणि बांधावर एरंड आहे म्हणून 'त्याच्या बियांतलं रिसिन काढू या' असला प्रोजेक्ट अजिबात नको. ते विष २८एस आरआरएनएमधलं एकच अ‍ॅडेनिन उडवतं आणि रायबोसोम निकामी होतो. रासायनिक शस्त्रांच्या करारातही त्याचं नाव आहे.

पुढं काय, हा घरच्यांचा प्रश्न. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा गेट, मग पुणे-हैदराबाद. पण सगळं पुण्यातच असतं असंही नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेलं नॅफिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं, रायबोसोमवर बसणारं औषध वोक्हार्टचं, आणि त्या कंपनीचं संशोधन केंद्र संभाजीनगरला चिकलठाण्यात आहे. अशा ठिकाणी एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण, काढता येणं आणि वही नीट लिहिलेली असणं, याची विचारणा गुणपत्रिकेच्या आधी होते.

अण्णांनी एकदा विचारलं, नेमकं काय शिकालीस? म्हटलं, आपली ती पुडी जंतूला कशी मारते ते. ते म्हणाले, "मग कोणत्या पाण्यात कालवायची तेवढं सांग." तेही आयुष्यभर बोअरच्याच पाण्यात कालवत आले होते.