लवकर लागू पडणाऱ्या गोळीचा नाद

शाहूपुरीत मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून केस पिकले. रोज एक तरी येतोच, "भावा, अल्प्राझोलामची एक पत्ती दे की, चिठ्ठी घरात राहिली." मी देत नाही. घबराट शांत करणारी ही गोळी २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहे. पेशंट, डॉक्टर, किती गोळ्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं.

पण खरा घोळ चिठ्ठी असणारेच घालतात. चिंतेच्या, घबराटीच्या आजारात डॉक्टर बऱ्याचदा सुरुवातीला दोन गोळ्या देतात. एसिटालोप्रामसारखी रोजची, जिला गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर धीर धरता यावा म्हणून थोडे दिवस अल्प्राझोलाम किंवा तिच्याच जातीची क्लोनाझेपाम. लोक नेमकं उलटं करतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, कधी अस्वस्थपणा वाढतो, की "ही काय चालंना" म्हणून एसिटालोप्राम कपाटात. अर्ध्या तासात शांत करणारी मात्र महिनोन् महिने चालू.

गुळाच्या अडतीवरचे एक अण्णा असेच. अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, सकाळ-रात्र, पाच महिने. मग व्हॉट्सॅपवर वाचलं, सवय लागते. सोमवारी बंद. मंगळवारी हात थरथरायला लागले, झोप उडाली. घरच्यांना वाटलं जुनं दुखणं उसळलं. गुरुवारी पहाटे फिट आली. वहिनी रिकामी पत्ती घेऊन दुकानात आल्या, म्हणाल्या, डॉक्टर विचारतायत हे काय खात होते. सवय लागते हे व्हॉट्सॅपवरचं खरंच होतं. पण ती सोडवायची आठवड्या-आठवड्यानं डोस उतरवत, तोही डॉक्टरांनी ठरवून. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरतं, म्हणून झटकाही लवकर बसतो. क्लोनाझेपाम सावकाश उतरतं, तरी तेही एकदम सोडायचं नाही.

बाकीच्या चुकांवर जास्त बोलत नाही. ही शांत करणारी गोळी आणि दारू एकत्र नको, श्वास मंदावतो. गोळी घेऊन गगनबावड्याचा घाट चालवायचा नाही. मुलाखतीत छाती धडधडू नये म्हणून मित्राची प्रोप्रानोलॉल, म्हणजे धडधड कमी करणारी गोळी, घेता? दमा असेल तर ती जिवावर बेतू शकते. शेजारणीची गोळी शेजारणीलाच राहू दे.

माझी सवय म्हणजे डोस उतरत असेल तर डॉक्टरांनी लिहिलेल्या तारखा पाकिटावर मार्करनं मोठ्या लिहून देतो. अण्णा आता चष्मा लावून त्या वाचतात आणि मलाच विचारतात, "अर्धी कुठनं मोडायची?" मधल्या रेघेवर, अण्णा. आणि एसआर, म्हणजे अंगात हळूहळू सुटणारी, असं लिहिलेली असेल तर मोडायचीच नाही, चावायचीही नाही. आधी डॉक्टरांना फोन.