परड्यात चिंच लावताना

माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागात बांधावरच्या चिंचा कुणी पाणी न घालता उभ्या आहेत. तेच झाड कृष्णाकाठच्या काळ्या रानात लावलं की पहिल्याच पावसाळ्यात पिवळं पडू शकतं, कारण मुळाशी पाणी साचतं.

म्हणून आधी जमीन तपासा. हातभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. रात्रीत जिरलं, तर तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. पोयटा, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घालून भरा. सकाळीही पाणी दिसत असेल तर खड्ड्याच्या नादी लागू नका. काळ्या मातीतला खोल खड्डा म्हणजे हौदच. तिथं दीड फूट उंचवटा करून त्यावर रोप लावा. घर, विहीर, संडासाची टाकी यांपासून 25-30 फूट अंतर हवंच. वरून विजेची तार जात असेल तर ती जागा सोडा.

चिंचोक्याचं झाड फळायला 8-10 वर्षं लागतात, आणि चिंच मूळ झाडासारखीच येईल याची खात्री नाही. कलम साधारण 4-5 वर्षांत धरतं. ‘प्रतिष्ठान’ किंवा ‘पीकेएम-1’ या जातीचं मिळालं तर घ्या. पिशवीच्या बुडाशी मुळांचं वेटोळं झालेलं जुनं रोप नको. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहू द्या. जोडाखालचा फुटवा दिसताच मोडा, नाहीतर गावठी फांदी जोर धरते आणि वरचं कलम सुकतं.

पाऊस लागला की लावा. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी दोन बादल्या पाणी पुरे. आळ्यात उसाचं पाचट पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. चिकटून राहिलं तर वाळवी थेट सालीवर चढते. संध्याकाळी पानं मिटलेली दिसली की झाड सुकलं म्हणून लोक पाणी ओततात. चिंच रोज रात्री पानं मिटते, सकाळी उघडते. चार फुटांपर्यंतच्या फांद्या हळूहळू काढून खोड एकच ठेवा.

फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. बोटानं दाबल्यावर टरफल टचकन फुटलं आणि गर सुटलेला दिसला की उतरवा. काठीनं झोडपू नका, कोवळे शेंडे मोडतात, फांदी हलवा. एक वर्ष भरघोस, दुसरं बेताचं, असं चालतंच.

टरफल, शिरा आणि चिंचोके त्याच आठवड्यात काढा. भुंगा चिंचोक्यातूनच येतो. बारीक गोल भोक असलेला एकही दाणा बरणीत जाऊ देऊ नका. गर तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवून, मीठ लावून, दाबून भरा. बरणी चिनीमातीची किंवा काचेची; तांब्या-पितळेचं भांडं आंबटानं कळकतं.