पोहोचण्याच्या तारखेवरून व्हिसा अर्जाची तारीख कशी काढावी

परदेश प्रवास ठरला की व्हिसाचा अर्ज जितक्या लवकर होईल तितका बरा, असा सल्ला हमखास मिळतो. तो निम्माच बरोबर आहे. काही देश ठरावीक मुदतीपूर्वी आलेला अर्ज स्वीकारतच नाहीत, तर काही देशांचा व्हिसा हातात पडल्या दिवसापासूनच त्याची मुदत सरू लागते आणि प्रवासाचा दिवस उजाडेपर्यंत तो निरुपयोगी होऊन बसतो. त्यामुळे कागदपत्रांची जुळवाजुळव करण्याआधी, आपल्याला हव्या असलेल्या व्हिसाचे दिवस नेमके कोणत्या तारखेपासून मोजले जातात, हे पाहून घ्यावे. अर्ज कधी करायचा याचे उत्तर बहुतांशी तेथेच मिळते.

जपानचा एकेरी प्रवेशाचा व्हिसा साधारणतः दिल्यापासून तीन महिने वैध असतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेरीचा बहर पाहायला जाणाऱ्याने उत्साहाच्या भरात डिसेंबरमध्येच व्हिसा काढून ठेवला, तर मार्चअखेरीस त्याच्या हाती केवळ मुदत संपलेला व्हिसा उरेल. दुबईचा पर्यटन व्हिसाही याच जातीचा असून, तो मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत तेथे प्रवेश करावा लागतो. याउलट शेंगेन देश (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा यांमध्ये आपण अर्जात लिहिलेल्या आगमनाच्या तारखेला धरून वैधता सुरू होते. अमेरिकेचा पर्यटन व्हिसा भारतीयांना सामान्यतः दहा वर्षांसाठी मिळतो, त्यामुळे तो लवकर काढून ठेवण्यात तोटा काहीच नाही. मुलाखतीची तारीख मिळायला लागणारा काळ पाहता तो लवकरच काढावा. मात्र अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: एफ-१ व्हिसा अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, परंतु त्यावर देशात प्रवेश ३० दिवसांपेक्षा अधिक आधी करता येत नाही. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि त्याचा निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत लागतो.

सर्वांत जास्त हिशेब शेंगेनचा करावा लागतो, म्हणून त्याचे उदाहरण सविस्तर घेऊ. नागपूरचे एक कुटुंब १४ जूनला झुरिचला उतरणार आहे आणि २५ जूनला पॅरिसहून परतणार आहे. नियमानुसार अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, म्हणजे १४ डिसेंबरच्या आधी नाही. आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो, म्हणजे ३० मे ही शेवटची तारीख झाली. पण शेवटच्या तारखेवर विसंबणे म्हणजे संकटाला आवतण देणे होय. अर्जावरील निर्णयाला एरवी १५ दिवस लागत असले, तरी अधिक तपासणीची गरज वाटल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढवता येते. १४ जूनमधून ४५ दिवस वजा केले की आपण ३० एप्रिलवर येतो. पासपोर्ट कुरिअरने नागपूरला परत येण्यासाठी आणखी एक आठवडा सोडावा आणि एखादा कागद कमी पडला तर तो देण्यासाठी अजून एक. अशा रीतीने अर्ज देण्याचा योग्य काळ मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ठरतो. अर्ज देण्यासाठी लागणारी व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट मात्र त्याहून बरीच आधी, शक्य तर जानेवारी-फेब्रुवारीतच घेऊन ठेवावी, कारण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांसाठी अवघा देश त्याच सुमारास रांगेत उभा असतो.

येथे विदर्भातील पालकांना एक सवलत आपसूक मिळते, तिचा फायदा घ्यावा. कडक उन्हामुळे आपल्याकडील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यातील गर्दी टाळून जूनच्या मध्यावर प्रवास ठेवला, तर अपॉइंटमेंट मिळवण्याची ओढाताण कमी होते. परतीची तारीख तेवढी शाळेच्या पहिल्या दिवसाशी पडताळून घ्यावी. राज्य शासनाच्या सेवेत असलेल्यांनी हिवाळ्यातील सहलीचा बेत आखताना डिसेंबरमधील अधिवेशन विसरू नये. त्या काळात रजाच मंजूर होत नसेल, तर ना हरकत प्रमाणपत्र वेळेत मिळण्याची आशा कशी धरावी? शिवाय नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्यांमुळे दूतावासांचे कामही त्याच दिवसांत मंदावते.

शेंगेनचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही तारखांवरून ठरते. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा; दिवस समसमान असतील, तर जेथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. एखादी रात्र इकडची तिकडे झाली की अर्जाचा देशच बदलू शकतो, म्हणून मुक्कामांचा आराखडा पक्का झाल्याखेरीज अपॉइंटमेंट घेऊ नये.

अर्जातील आगमनाची तारीख लिहिताना नागपूरकरांची गफलत होते ती मध्यरात्रीच्या विमानांमुळे. समजा १२ तारखेच्या रात्री दुरांतोने निघून १३ ला सकाळी मुंबई गाठली आणि विमान १४ तारखेला पहाटे दीडचे आहे. अशा वेळी विमानतळावर १३ च्या रात्रीच पोहोचावे लागते. मात्र अर्जात १२ किंवा १३ न लिहिता झुरिचला पाय टेकण्याची, म्हणजे १४ हीच तारीख लिहावी. पूर्वेकडे, उदाहरणार्थ जपानला, जाताना संध्याकाळी निघालेले विमान दुसऱ्या दिवशी उतरते, म्हणून तिकिटावरील सुटण्याची नव्हे तर उतरण्याची तारीख वाचावी. शेंगेन क्षेत्रात मुक्कामाचे दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. वरील कुटुंबाचे १४ ते २५ जून हे १२ दिवस होतात, ११ नव्हे. वैधतेत सामान्यतः १५ दिवसांची सवलत जोडली जाते, त्यामुळे प्रवास दोन-चार दिवस पुढे ढकलावा लागला तरी निभावते. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवरील पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी मात्र उतरता येत नाही आणि विमान कंपनी बहुधा मुंबईलाच अडवते.

अपॉइंटमेंट मुंबईची असेल, तर तिची वेळ आणि रेल्वेचे आरक्षण यांचा मेळ घालावा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे १० एप्रिलच्या अपॉइंटमेंटसाठी गाडीचे तिकीट फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काढता येते. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याने सकाळची पहिली वेळ घेऊ नये. गाडी दोन तास उशिरा पोहोचली तरी धावपळ होणार नाही, अशी दुपारकडची वेळ निवडावी. शेंगेनसाठी बोटांचे ठसे मागील ५९ महिन्यांत दिलेले असतील, तर ते पुन्हा सहसा घेतले जात नाहीत. तरीही स्वतः यावे लागेल का, हे संबंधित केंद्राकडून आधी विचारून घ्यावे.

या सर्वांच्या आधी पासपोर्ट उघडून पाहावा. शेंगेनसाठी तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. इतर अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात. नूतनीकरण करायचे असल्यास नागपुरातील पासपोर्ट सेवा केंद्रातील काम व्हिसाच्या अपॉइंटमेंटआधीच उरकावे, कारण पासपोर्ट बदलला की क्रमांक बदलतो आणि भरलेला अर्ज नव्याने भरावा लागतो. दूतावासाकडे पासपोर्ट असेपर्यंत दुसऱ्या देशाचा अर्जही अडून राहतो. जपान आणि युरोप एकाच वर्षात करायचे असतील, तर दोन्ही अर्ज एकामागोमाग कसे बसतात हे आधीच मांडून पाहावे.

बँकेचे स्टेटमेंट अपॉइंटमेंटच्या आठवड्यातील असावे. महिनाभर आधी काढून ठेवलेल्या कागदाचा उपयोग होत नाही. प्रवास विम्याचे संरक्षण शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचे हवे आणि त्याच्या तारखांत तिकिटावरील संपूर्ण मुक्काम बसायला हवा; प्रवास पुढे ढकलला तर विमाही बदलून घ्यावा. परत न मिळणारे तिकीट व्हिसा येईपर्यंत काढू नये. त्याऐवजी रद्द करता येण्याजोगे आरक्षण जोडावे. बनावट आरक्षण जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो झिडकारावा.

पासपोर्ट परत आला की पाकीट फोडल्याबरोबर स्टिकर वाचावा. नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधतेची पहिली व शेवटची तारीख, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस या पाच बाबी तिकिटासमोर ठेवून पडताळाव्यात. चूक आढळल्यास त्याच दिवशी केंद्राला लेखी कळवावे, कारण दुरुस्तीसाठी पासपोर्ट पुन्हा मुंबईला पाठवावा लागतो आणि त्यात आठवडा सहज निघून जातो.