मराठवाड्यातून उरणला टँकरच्या (तेलवाहू जहाजांच्या) कामावर येणाऱ्यांसाठी

सतरा वर्षांपूर्वी मी औसा तालुक्यातून उरणला आलो, तेव्हा समुद्र चित्रातच पाहिला होता. आता दर वर्षी आपल्याकडची दोन-चार पोरं शिप एजंटच्या (बंदरात जहाजाची कामं बघणाऱ्या) किंवा सर्व्हेअरच्या (माल मोजून तपासणाऱ्या) ऑफिसात लागतात आणि पहिल्या आठवड्यातच घाबरून फोन करतात. खोली, जेवण, लोकल यांचं जमून जातं. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत रेल्वे आली, अटल सेतूही त्याच महिन्यात सुरू झाला, त्यामुळे आमच्या वेळचे हाल आता उरले नाहीत. अडतं ते कामाच्या शब्दांवर, म्हणून हे लिहितोय.

आधी भरती-ओहोटी शिका, शब्द नंतर. इथले कोळी बांधव तिथीवरून हिशोब करतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हिशोब ढोबळ आहे, कागदावर मात्र टाइड टेबलच चालतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही. भरलेला टँकर खोल बसतो, त्याला आत यायला पुरेसं पाणी लागतं. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईला भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँचसुद्धा मोठ्या ओहोटीला गाळामुळे अडकते, हे पहिल्याच महिन्यात कळेल.

आता कामाचं. जहाज भाड्याने घेणारा तो चार्टरर, देणारा तो ओनर. एका फेरीपुरतं घेतलं तर व्हॉयेज चार्टर: इंधन, बंदराचा खर्च ओनरचा. ठरावीक मुदतीसाठी घेतलं तर टाइम चार्टर: रोजचं भाडं, आणि इंधन व बंदर खर्च चार्टररच्या माथी. नुसतं जहाज घेऊन खलाशीही आपलेच ठेवले तर बेअरबोट. टँकरच्या आकारांची नावं, अफ्रामॅक्स, सुएझमॅक्स, व्हीएलसीसी, चार दिवसांत तोंडपाठ होतात, त्यांची काळजी करू नका.

भाड्याचा दर 'वर्ल्डस्केल'मध्ये सांगतात. प्रत्येक मार्गाला दर टनामागे डॉलरमध्ये एक मूळ दर ठरलेला असतो, तो दर वर्षी १ जानेवारीला बदलतो, आणि त्याला १०० धरतात. समजा मूळ दर १० डॉलर आहे आणि सौदा वर्ल्डस्केल १२० ला झाला, तर टनाला १२ डॉलर. ८०,००० टनांचे ९,६०,००० डॉलर. १२० हा आकडा डॉलर समजून कुणी ईमेलमध्ये लिहिला की सगळं ऑफिस धावत येतं.

खरा जीव घेतो तो लेटाइम. माल चढवायला आणि उतरवायला चार्टररला मिळालेला वेळ म्हणजे लेटाइम, आणि टँकरमध्ये तो बहुतेकदा दोन्ही मिळून ७२ तास असतो. रविवार, सुट्टी, पाऊस, काही असलं तरी घड्याळ चालू. त्याच्या पुढे गेलं की डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. समजा दिवसाला २०,००० डॉलर ठरलेत आणि एकूण ९० तास लागले, तर १८ तास जास्त, म्हणजे पाऊण दिवस, म्हणजे १५,००० डॉलर. वेळेआधी काम संपवलं म्हणून बक्षीस मिळण्याची पद्धत सुका माल नेणाऱ्या जहाजांत असते, टँकरमध्ये सहसा नसते.

हे घड्याळ सुरू करणारा कागद म्हणजे नोटीस ऑफ रेडिनेस, सगळे एनओआर म्हणतात. कॅप्टन नांगर टाकून कळवतो की जहाज तयार आहे. सकाळी ६ ला एनओआर दिली तर बहुतेक करारांत १२ ला लेटाइम सुरू, आणि त्याआधी जहाज धक्क्याला लागलं तर तेव्हाच. म्हणून एनओआर किती वाजता दिली आणि किती वाजता स्वीकारली, या दोन वेळा वेगवेगळ्या लिहा. नांगरावरून धक्क्याला येण्याचा प्रवास मोजत नाहीत, तोही वेगळा लिहा.

माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी एक भरलेला टँकर नांगरावर बारा तास थांबला. धक्का रिकामा होता. मी टाइमशीटवर सरळ लिहिलं, 'धक्क्याची वाट'. संध्याकाळी लाँचच्या नाखव्याने विचारलं, जहाज का नाय आलं? मी धक्का म्हणालो, तसा तो म्हणाला, "आज अष्टमी हाय. भांगाचा पानी, ते जहाज कसा चढंल?" माझ्या अंगावर काटा आला. धक्क्यासाठी थांबलेला वेळ सहसा चार्टररच्या खात्यात जातो. भरतीसाठी थांबलेला वेळ करारानुसार बाहेर काढता येतो. अर्धा दिवस, म्हणजे हजारो डॉलर, एका शब्दाने इकडचे तिकडे झाले होते. सह्या आधीच झाल्या होत्या, दुरुस्तीला तीन आठवडे पत्रं गेली.

माल उतरताना तासातासाला मॅनिफोल्डवरचा, म्हणजे जहाजाचे पाइप जिथे जोडतात तिथला, दाब लिहून ठेवा. जहाजाने १०० पीएसआय दाब राखायचा किंवा २४ तासांत माल रिकामा करायचा, अशी अट बहुतेक करारांत असते. पंप कमी पडला तर तो वेळ ओनरचा, पण तुमच्या वहीत आकडे असतील तरच. दाब उतरला की लगेच कॅप्टनला लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी तक्रार, द्या. दुसऱ्या दिवशी दिलेल्याला वजन राहत नाही.

ऑक्टोबरच्या वादळी पावसाला हलकं घेऊ नका. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर वीज पडून डिझेलच्या टाकीला आग लागली होती, ती विझायला काही दिवस गेले. विजा चमकू लागल्या की काम थांबतं. थांबलं किती वाजता, पुन्हा सुरू किती वाजता, मिनिटासकट लिहा, कारण वादळामुळे लागलेल्या डेमरेजला काही करारांत निम्माच दर असतो.

आणि रात्री दोनला पहिली एनओआर तुमच्या हातात पडेल, तेव्हा अंदाजाने वेळ टाकू नका. मला फोन करा. मी उठतो.