चेहऱ्याचे हाड मोडले आहे का, हे कसे ओळखावे आणि पुढे काय करावे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यात मागावरून उसळलेला धोटा (आडवा धागा नेणारी नळी) गालावर बसला काय किंवा विजापूर रस्त्यावर दुचाकी घसरून हनुवटी आपटली काय, 'मुका मार आहे, हळद लावा' असे म्हणून जखमीला घरी आणले जाते. आणि काही तासांत सूज चढली की आत बसलेले हाड तिच्याखाली झाकून जाते. म्हणून चेहरा लगेच पाहावा.

त्याआधी श्वास पाहावा. मान दुखत नसेल तर रुग्णाला बसवून पुढे झुकवावे, म्हणजे रक्त घशात उतरत नाही. तो बेशुद्ध असेल तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा.

जबड्याची सर्वांत भरवशाची खूण रुग्णाच्याच तोंडात असते. दातांवर दात ठेवायला सांगून ते रोजच्यासारखे जुळतात का, एवढेच विचारावे. जुळत नसतील किंवा जिभेखाली निळसर काळा डाग दिसत असेल, तर जबडा मोडल्याची शक्यता दाट असते. हनुवटीवर केवळ खोक दिसत असली तरी कानापुढे दुखते का, हे जरूर विचारावे, कारण हनुवटीवरचा मार पुष्कळदा तेथील सांध्याजवळचे हाड मोडतो. टाके घालून घरी पाठवलेल्या रुग्णांत हेच निसटते.

गालाचे हाड आत दबले असेल तर डोळ्याखालच्या कडेवर बोट हलके फिरवताना पायरी लागते आणि गाल व वरचा ओठ बधिर वाटतो. एकाचे दोन दिसणे हे डोळ्याखालचे हाड मोडल्याचे लक्षण असू शकते. लहान मुलात मात्र डोळा वरून निर्दोष दिसूनही वर पाहता येत नसेल आणि उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागू शकते. नाकातून पाण्यासारखा द्रव गळणे किंवा नाकाच्या आतल्या पडद्यावर फुगीर गाठ येणे, हेही तातडीचेच. नाक शिंकरू नये.

रुग्णाला सिव्हिलच्या (सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात किंवा मुख-शल्यचिकित्सकाकडे (तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे) न्यावे. हाडवैद्याकडून चेहरा चोळून घेऊ नये. निदान बहुधा सीटी स्कॅनने होते. न सरकलेले हाड अनेकदा विश्रांतीने जुळते. नाक प्रौढांत साधारण दोन आठवड्यांच्या आत, मुलांत त्याहून लवकर सरळ करावे लागते. जबड्याला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात किंवा दात तारांनी 4 ते 6 आठवडे बांधून ठेवतात.

या काळात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. गाळलेली आंबील, ताक व मुगाचे कढण थोड्या थोड्या अंतराने द्यावे. दात बांधलेल्या रुग्णाजवळ तारा कापण्याची कात्री सतत ठेवावी आणि उलटी होऊन श्वास अडकल्यास कोणती तार कापायची, हे घरच्यांनी सुट्टी मिळण्यापूर्वी डॉक्टरांकडून दाखवून घ्यावे.