किडनी प्रत्यारोपणाच्या फाइलमधील शब्द कसे वाचावेत

फाइल हाती आल्यावर दाता कोण आहे हे आधी पाहावे, कारण पुढचे निम्मे शब्द त्यावर अवलंबून असतात. पती-पत्नी, आई-वडील, मुले, सख्खी भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना कायदा ‘जवळचे नातेवाईक’ मानतो. इतर कोणी किडनी देणार असेल, तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. ‘मेंदूमृत दाता’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ कोमा असा घेऊ नये. मेंदूमृत व्यक्तीचा मेंदूस्तंभ, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग, कायमचा बंद पडलेला असतो, हृदय केवळ व्हेंटिलेटरच्या आधाराने चालू असते, आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केल्यावरच तसे प्रमाणपत्र दिले जाते.

‘एचएलए’ म्हणजे पेशींवरील ओळखखुणा. आई किंवा वडिलांशी त्या साधारण निम्म्या जुळतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळणी कमी आली म्हणून दाता बाद होत नाही, हे घरच्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

खरा निर्णायक शब्द ‘क्रॉसमॅच’ हा आहे. या चाचणीत दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळतात. येथे ‘निगेटिव्ह’ हीच चांगली बातमी असते; ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने, आधीच तयार आहेत, असा होतो. पूर्वी चढवलेले रक्त, आधीचे प्रत्यारोपण किंवा गर्भारपण यांमुळे ती तयार होतात. म्हणूनच मुले झालेल्या स्त्रीला पतीची किडनी द्यायची असेल, तेव्हा हा अहवाल विशेष बारकाईने पाहिला जातो.

‘ग्राफ्ट’ म्हणजे बसवलेली किडनी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले, तर त्याला ‘डिलेड ग्राफ्ट फंक्शन’ म्हणतात. ते रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी मानून नाकारणे, नव्हे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढल्यास रिजेक्शनची शंका येते, पण निदान सहसा बायोप्सीनेच, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच, पक्के होते.

टॅक्रोलिमस हे रिजेक्शन रोखण्यासाठी घ्यायचे औषध; ‘टॅक्रोलिमस लेव्हल’ हा आकडा त्याचे रक्तातील किमान प्रमाण सांगतो. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्यांनी आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यावे. गोळी घेऊन गेल्यास आकडा फुगतो आणि डोस विनाकारण कमी होण्याचा धोका असतो. त्या दिवशी गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्याबरोबर घ्यावी.